चुन्याची रेघ

पडवीत पत्र्याच्या डब्याचं झाकण टण्णकन निघालं, आणि चुलीपुढं बसलेल्या मंजुश्रीचा हात भज्जीच्या पातेल्यात तसाच थांबला.

तोवर घरात कशाचाही आवाज नव्हता. पोर झोपलेली, बाहेर अजून उजाडायचं होतं, आणि घरातलं तिसरं माणूस उठून आंघोळ करून आलं तरी कळत नसे, इतकं हलक्या पावलानं वावरायचं. ते तिसरं माणूस म्हणजे आप्पा, तिचे सासरे. दर अमावास्येला पहाटे ते कपाळाला विभूती लावून पडवीत जायचे, उंच फळीवरचा डबा काढायचे, चमच्याच्या दांड्यानं झाकण उचकटायचे, कागदाची पुडी बांधायचे आणि ती धोतराच्या घडीत खोवून रानात निघून जायचे. रानाच्या उगवतीच्या कोपऱ्यात मल्लिनाथ होता, तिचा नवरा, मातीआड. विभूती नेत असतील, नाहीतर कापूर, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

विचारलं मात्र कधीच नव्हतं, कारण सासरा-सून एकमेकांशी बोलतच नसत. भांडण नव्हतं काही. तशी रीतच होती त्या घरात. मल्लिनाथ होता तेव्हा दोघांचं बोलणं त्याच्यातून जायचं. तो काविळीनं गेला, आणि मग किती दिवस तरी त्या घरात बोलणं असं राहिलंच नाही. मग एका दुपारी, नुकतीच बोलायला लागलेली तिची लेक ऋतुजा ताटाजवळ घुटमळत होती, तिच्याकडं बघत आप्पा म्हणाले, आईला म्हणावं भाजीत मीठ न्हाई. तेव्हापासून तेच चाललं होतं. आता पाच वर्षांची झालेली पोर उंबऱ्यात उभी राहायची आणि एका माणसाचं बोलणं दुसऱ्याला पोचवायची. आजोबा म्हणतेत चहा ठिव. आई म्हणती चहात साखर कमी हाय, चालंल का. कधीकधी दोघं एकाच खोलीत असायची, सगळं ऐकू येत असायचं, तरी पोरीचा निरोप पुरा होईपर्यंत दोघंही थांबायची.

आज येळवस होती, म्हणजे वेळा अमावास्या. अमावास्येचा दिवस, लातूरकडच्या सगळ्या गावांत या दिवशी घरात कुणी जेवत नाही. कडब्याचा कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभा करायचा, त्यात पाच दगड मांडून त्यांना चुना लावायचा, पूजा करायची, ताकाची अंबील, बेसनात शिजवलेल्या भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे रानातच खायचे, आणि वाटेनं जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. आणि यंदा मंजुश्रीच्या रानात जेवायला गटातल्या बायका येणार होत्या. नुसत्या जेवायला नव्हे, रान बघायलाही.

हा सेंद्रिय शेतीचा गट तारामतीनं जमवला होता. सरकारचा नियम असा, की गटातल्या शेतकऱ्यांनी एकमेकांची रानं स्वतः फिरून बघायची आणि खतं-औषधं नाहीत अशी साक्ष द्यायची. तीन सालं असं शुद्ध गेलं की पुरं प्रमाणपत्र. एकीनं लपवलं तर सगळ्या गटाचं जायचं. बाकीच्यांची तीन सालं होऊन गेली होती. मंजुश्री मागून आली, मल्लिनाथ गेल्यावर, म्हणून तिचं तिसरं साल या येळवशीला भरत होतं. तारामतीच म्हणाली होती, नाहीतरी आपण एकमेकीच्या रानात भज्जी खायला जातोच की, त्याच दिवशी बघणी उरकू. लातूरचे शेतीखात्याचे साहेब फोनवर हसले होते म्हणे, पण नाही म्हणाले नव्हते.

बाकीच्या बायकांना त्या कागदामुळं लातूरच्या दालमिलवाल्यांकडं बरा भाव मिळायचा. मंजुश्रीला भावापेक्षा त्यावरचं नाव हवं होतं. मल्लिनाथची माती झाल्यावर भावकी ओसरीवर बसली होती, आणि तिच्या देखत बोलत होती, जणू ती तिथं नाहीच. पोरगी तरणी हाय, नायगावला माहेरी जाईल, रान बटईनं देऊन टाका. तेव्हा आप्पा काही बोलले नव्हते, हो नाही आणि नाहीही नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच खुरपं घेऊन रानात गेली होती. तेव्हापासून ती करत होती आणि भावकी वाट बघत होती. प्रमाणपत्रावर शेतकऱ्याचं नाव लिहितात. तिथं एकदा मंजुश्री मल्लिनाथ असं उमटलं, की हे रान कोण करतं हा प्रश्न कुणी ओसरीवर बसून विचारणार नव्हतं.

उन्हं वर आली तेव्हा सगळं सामान घेऊन ती रानात पोचली. आप्पांनी कोप बांधून ठेवला होता, दगडांना चुना लावला होता. चुन्याचा डबा अर्धा उरला होता. हरभरा घाट्यात आलेला, मधूनमधून तूर, बांधाकडं ज्वारी. वाऱ्याला सगळं रान एकाच बाजूला कलत होतं.

पूजा झाली. आता अंबील शिंपडत रानाला फेरी मारायची. हे काम घरच्या पुरुषाचं. मल्लिनाथ गेल्यापासून आप्पाच करायचे. पण यंदा त्यांचे गुडघे धरले होते.

"आजोबा म्हणतेत, औंदा तू जा," ऋतुजा सांगत आली. "आणि मी पण येऊ म्हणतेत."

"हे आजोबा म्हणले का तू?"

"मी."

मंजुश्रीला हसू आलं. तिनं अंबिलीची कळशी कडेवर घेतली आणि कडुलिंबाच्या डहाळीनं शिंपडत बांधाबांधानं निघाली. पुरुष या वेळी मोठ्यानं पुकारा करतात. तिला तसं ओरडता येईना. ती मनातल्या मनातच म्हणत राहिली आणि पोर तिच्या वाटचं ओरडत राहिली.

उगवतीचा कोपरा जवळ आला तशी तिची पावलं मंदावली. त्यांच्या समाजात माणसाला जाळत नाहीत. बसवून, अंगाभोवती मीठ, विभूती, बेल घालून आपल्याच रानात मातीत ठेवतात. मल्लिनाथवर अजून ओटा बांधलेला नव्हता. माती पुरी बसू द्यायची असं आप्पांनी पोरीतर्फे कळवलं होतं. उंचवट्याच्या कडेनं दगड, मधोमध बेलाचं रोप. मंजुश्री तिकडं फारशी जात नसे. ती जागा आप्पांची आहे असं तिच्या मनानं घेतलं होतं. त्यांचा तो एकुलता एक मुलगा, तिचा संसार तो केवढासा. म्हाताऱ्याच्या दुःखात आपण कुठं पाय ठेवायचा, असं तिला वाटायचं, आणि मग ती आपलं दुःख घेऊन रानाच्या दुसऱ्या टोकाला खुरपत बसायची.

ती कळशी खाली ठेवून वाकून नमस्कार करत होती, तेवढ्यात ऋतुजा म्हणाली, "आई, हे बग, बाबाची साखर."

पोरीच्या बोटांच्या चिमटीत करडे, बारीक दाणे होते. चिमूट तोंडाकडं चालली होती.

मंजुश्रीनं तिचं मनगट असं धरलं की पोर कळवळली. दाणे खाली पडले. आणि मग तिला वास आला, सडक्या लसणासारखा, नाकात बसणारा. हा वास तिला माहीत होता. लग्नानंतरच्या पहिल्या साली भुईमुगात रानडुकरं शिरायची, तेव्हा मल्लिनाथनं बांधानं हे दाणेदार औषध टाकलं होतं आणि तिला लांब उभं राहायला सांगितलं होतं. हे जहाल हाय, म्हणाला होता, हात लावू नको. तो डबा त्यानंच आणलेला. संपला असेल असं तिला वाटलं होतं.

तिनं पोरीला उचललं, धावत बोअरवर नेलं आणि ढेकळानं, मातीनं, पाण्यानं घासघासून हात धुतले. तोंडात घातलं होतंस का, खरं सांग. नाही. आधी कधी? नाही. शपथ? शपथ. पोर आता घाबरून रडत होती.

"आजोबा टाकतेत," ती हुंदके देत म्हणाली. "दर बारीला. मी बांधावरून बगते. मला वाटलं बाबाला गोड लागतंय."

मंजुश्रीनं तिला पोटाशी धरलं आणि तशीच ओल्या मातीत बसून राहिली. फळीवरचा डबा. पहाटेचं झाकण. विभूती म्हणून ती इतक्या अमावास्या जे ऐकत आली होती, ते हे. कोपऱ्यापासून रानाला उतार होता. पावसाचं पाणी तिकडून हरभऱ्यातच यायचं.

तेवढ्यात बांधावरून हाक आली. बायका आल्या होत्या.

सगळ्यात पुढं धोंडाबाई, तोंडाची तिखट आणि वयानं सगळ्यांत थोर. मागच्या साली तिच्या रानात मंजुश्रीला युरियाचं रिकामं पोतं सापडलं होतं. धोंडाबाईनं त्यावर शेंगा वाळत घातल्या होत्या. गटात नवी असूनही मंजुश्री म्हणाली होती की हे लिहून घ्यावं लागेल. त्यावर धोंडाबाई तिच्याशी पुढचा महिनाभर बोलली नव्हती.

"आज मी चष्मा घालून आले गं," धोंडाबाई आल्या आल्या म्हणाली. "तुज्या रानात एक तरी पोतं घावू दे, मग बग. आधी भज्जी वाढ पण. उपाशी पोटी माजी नजर चालत न्हाई."

बायका हसल्या, मंजुश्रीही हसली. वाढताना पोर तिचा पदर सोडत नव्हती. भज्जीचं कौतुक झालं, अंबील मागून मागून प्यायली गेली. मग बायका उठल्या आणि रान बघत फिरू लागल्या. पानं उलटून बघितली, मातीचा वास घेतला, शेजारच्या फवाऱ्याचा वारा अडवायला लावलेली ज्वारी बघून तारामतीनं मान डोलावली. शेवटी त्या उगवतीच्या कोपऱ्यापासून अंतर ठेवून थांबल्या, सगळ्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि लांबूनच हात जोडले.

"तिकडं काय बगायचं," तारामती हलक्या आवाजात म्हणाली. "ती देवाची जागा. झालं माय तुजं. चल, सह्या करू."

एवढं सोपं होतं. समाधीजवळ वाकून वास घ्यायला कुणी जाणार नव्हतं. आप्पांच्या हातून डबा काढून घेतला, पोरीला दटावलं, की संपलं. कागदावर नाव आलं असतं. मंजुश्री या सगळ्याचा एका श्वासात विचार करून मोकळी झाली, आणि तिची नजर धोंडाबाईवर गेली. चष्मा कपाळावर चढवून ती हरभऱ्याचा घाटा फोडून बघत होती, प्रामाणिकपणे, पोरीच्या डोक्यात उवा बघावं तसं.

"ताराक्का, जरा थांबा," मंजुश्री म्हणाली. "मी आलेच."

आप्पा कोपात दगडांपुढं बसले होते. ती आत गेली आणि सवयीनं पोरीला पुढं केलं. आजोबाला म्हणावं, असं सुरूही केलं. पण हे वाक्य या पोरीच्या तोंडात कसं घालायचं? तुमच्या दाण्यांनी आज मी मरणार होते, हे पोरीनंच सांगायचं? तिनं ऋतुजाला बाहेर धोंडाबाईकडं पाठवलं आणि मग पहिल्यांदाच, पदर सावरून, जमिनीकडं बघत ती सासऱ्याशी बोलली.

"आप्पा, तुम्ही ऋतूच्या बाबाकडं," ती अडखळली. नवऱ्याचं नाव कसं घ्यावं हेही तिला कळेना. "यांच्याजवळ जे टाकता, ते ऋतूनं आज तोंडात घातलं असतं."

म्हाताऱ्यानं वर बघितलं. मग ओठ हलले, आणि आवाज असा आला की जणू त्यांनाही तो ओळखीचा नव्हता.

"लागलं का लेकराला?"

"न्हाई. हात धुतले."

"दुसऱ्या पावसाळ्यात डुकरानं उकरलं होतं, माय. गुडघ्याच्या अंगाला. मी सकाळी गेलो तर माती उघडी. मी हातानं लोटली सगळी. तुला काय सांगायचं होतं त्यात?" ते थांबले. "त्यालाच ठावं होतं डुकरं कशानं हटतेत. त्याचाच डबा होता."

"पण गटाचं तुम्हाला माहीत होतं, आप्पा. औषध चालत न्हाई म्हणून."

"ते रानाला," आप्पा म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तिथं काय पीक हाय का? ते रान न्हाई. तो मल्ली हाय."

तिला वाटलं जवळ जाऊन त्यांच्या पायाशी बसावं, आणि उकरलेल्या मातीपाशी तुम्ही एकटे का बसलात असं विचारावं. पण इतकी वर्षं न बोललेलं माणूस एका दमात एवढंच बोलू शकतं. ती वळून बाहेर आली आणि बायकांना सगळं सांगून टाकलं.

धोंडाबाईनं आधी ऋतुजाचे दोन्ही हात स्वतःच्या नाकाशी नेऊन हुंगले. मग ती तारामतीला म्हणाली, "हे आपण कुणी बगितलं न्हाई. समाधी काय रान असतंय का?"

"तुमच्या पोत्याचं लिहिलं होतं मावशी," मंजुश्री म्हणाली.

"माजं पोतं होतं गं. हा तुजा नवरा हाय."

हे धोंडाबाई इतकं सरळ म्हणाली, की मंजुश्रीला तोंड फिरवावं लागलं. मल्लिनाथ गेल्यापासून त्याला तिचा नवरा असं कुणी म्हटलं नव्हतं. सगळे आप्पांचा मुलगा म्हणत, ऋतूचा बाप म्हणत.

"लिहा ताराक्का," ती म्हणाली.

तारामतीनं लातूरच्या साहेबांना फोन लावला. तेही कुणाच्या तरी रानात जेवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि आधी डबा पोराबाळांपासून दूर काढा म्हणाले. मग सांगितलं ते असं: तेवढा कोपरा, भोवतीच्या पट्ट्यासकट, रानाच्या नकाशातून बाहेर काढायचा. तो या रानात धरायचा नाही. मधे बांध घालायचा, पाणी अडवायचं, पट्ट्यातला हरभरा यंदा कुणी खायचा नाही. बाकी रानाची माती तपासायला जाईल, चांगली निघाली तर बाईच्या नावानं प्रमाणपत्र होईल. तोवर थांबावं लागेल. आत्ता जागेवर खूण करा आणि फोटो पाठवा.

खूण कशानं करायची? दोरी नव्हती, खुंट्या नव्हत्या. तारामती इकडंतिकडं बघत होती, तोवर आप्पा कोपातून बाहेर आले. त्यांनी फोन ऐकला होता. त्यांच्या हातात सकाळचा चुन्याचा डबा होता, दगडांना लावून उरलेला.

कुणी अडवलं नाही. गुडघ्यांवर भार देत ते हरभऱ्यातून चालत गेले आणि डबा कलता करून बारीक धार सोडू लागले. वाकून, उलट पावलांनी, घाट्यांवरून, ढेकळांवरून. एका बांधापासून निघाले ते कोपरा वळसा घालून दुसऱ्या बांधाला टेकले. रेघ कुठंही तुटली नाही. मात्र शेवटी सरळ उभे राहिले तेव्हा सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं, की म्हातारा रेघेच्या आत राहिलाय. मल्लिनाथच्या बाजूला.

त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. रिकामा डबा बाजूला ठेवून ते बेलाच्या रोपाशी बसले.

तारामतीनं फोटो काढला. बायकांनी कागदावर ते सगळं लिहिलं, सह्या केल्या. तो दाण्यांचा डबा घरून काढून मी नेते, असं तारामती म्हणाली. जाताना धोंडाबाईनं उरलेले उंडे फडक्यात बांधून घेतले आणि मंजुश्रीच्या पाठीवरून हात फिरवला. उद्या कुदळ घेऊन येते, म्हणाली, बांध काय एकटीनं होणार न्हाई.

मग रान रिकामं झालं. उन्हं उतरली. वाळत चाललेला चुना अधिकच पांढरा दिसू लागला. मंजुश्रीनं भांडी आवरली, कळशी घासली, कोपाकडं पाठ करून थोडं उगाचच बसली. आप्पा अजून तिथंच होते. आता त्यांना हाक मारायला हवी होती. मघाशी बोलली होती तसं बोलता आलं असतं. पण ती पुन्हा पोरीकडंच वळली.

"जा, आजोबाला म्हणावं, घरी चला. त्या दाण्यांजवळ मात्र जाऊ नको, लांबूनच हाक मार."

ऋतुजा धावत गेली. रेघेपाशी जाऊन थांबली. चपलेचं टोक रेघेला लागेल इतकी जवळ. तिनं हाक मारली नाही. आजोबांकडं बघितलं, बेलाच्या रोपाकडं बघितलं, मागं वळून आईकडं, कोपाकडं, सगळ्या रानाकडं बघितलं. मग तशीच परत आली.

"काय म्हणले आजोबा?"

पोरीनं मान हलवली. हा निरोप नव्हता. आईचा पदर मुठीत धरून तिनं विचारलं,

"आई, रेघेच्या भाइर बाबा हायत का आपण?"